अकरावे तज्ज्ञ

"अकरा म्हणजे अकरा," डॉक्टर सौसन म्हणाल्या. "दहा म्हणजे अकरा नव्हेत, एवढं गणित प्राथमिकच्या शिक्षिकेला यायला हवं."

रबाब त्यांच्या टेबलासमोर उभी होती. समोर खुर्ची होती, पण तिच्यावर डॉक्टरबाईंची पर्स बसली होती, आणि इतक्या वर्षांत ती पर्स कधी कुणासाठी उठली नव्हती. हातातल्या फाइलीत दहा कागद होते. दहा प्राध्यापकांनी तिची प्रश्नावली 'तपासून' खाली 'योग्य' असा शेरा मारला होता. नाईलच्या डेल्टातल्या त्या शिक्षणशास्त्र कॉलेजात अकरा तज्ज्ञांच्या सह्यांशिवाय कुणाचा संशोधनाचा आराखडा पुढे सरकत नसे. हा नियम कुठे लिहिलाय ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो मोडणंही कुणाला शक्य नव्हतं.

"मंगळवारी विभागाची सभा आहे," सौसनबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीला तुझी पाच वर्षं संपतात. मंगळवारी नोंदणी झाली नाही तर नाव कटलं. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडत नाही येणार, डॉक्टर," रबाब म्हणाली. आतून तिला पर्स उचलून खिडकीबाहेर भिरकवावीशी वाटत होती.

वयाची चौतिशी आली होती. सकाळी सरकारी शाळेत चौथीचा वर्ग, दुपारी हे कॉलेज. पाच वर्षांत तिने संशोधनाची तीन क्षेत्रं पालथी घातली होती, आणि पहिल्या दोन्हींकडून हात हलवत परत आली होती. तिचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता. तिच्या वर्गात बासष्ट मुलं. त्यांतली तेवीस मुलं धडा घडाघडा वाचत, बोट ओळीखालून बरोबर सरकवत, आणि तिने पानावर हात ठेवून ते झाकलं तरी वाचतच राहत. खासगी शिकवणीत पाठ करून घेतलेलं ते. अक्षर एक येत नव्हतं, आणि चार वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता. ही मुलं हे कसं जमवतात, कुणाच्या तोंडाकडे बघतात, कुठे अडकतात, हे तिला शोधायचं होतं. एवढंच.

पहिलं वर्ष तुलनात्मक शिक्षण विभागात गेलं. तिथले प्राध्यापक बावीस वर्षं इजिप्तची तुलना फिनलंडशी करत होते. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मक्केला उमऱ्याचा. आपल्या उंटावर बसून दुसऱ्यांच्या शेळ्या हाकायचं काम ते इमानेइतबारे करत. रबाबचा प्रश्न ऐकून त्यांनी मान हलवली. "फिनलंडमध्ये अशी मुलंच नाहीत, पोरी. तुलना कशाशी करणार?"

मग मानसशास्त्र. तिथे सगळं मोजत. मुलांची चिंता मोज, ती वाचनाच्या आड येते, असं तिला सांगितलं गेलं आणि अमेरिकन कॉलेजकुमारांसाठी केलेली, भाषांतर करून झिजलेली एक मोजपट्टी हातात ठेवली. तिच्यात एक वाक्य होतं: 'गाडी चालवताना मला घाम फुटतो.' नऊ वर्षांच्या पोरांपैकी एकतीस जणांनी 'नेहमी' वर खूण केली. रबाबने हे दाखवलं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "निष्कर्ष लक्षणीय आहे."

शेवटी अभ्यासक्रम व अध्यापन पद्धती, म्हणजे डॉक्टर सौसन. इथे ग्रंथालयात भिंतभर कपाट होतं आणि त्यातल्या सगळ्या प्रबंधांचं नाव एकच: अमक्यावर आधारित कार्यक्रमाची तमक्या इयत्तेतील विद्यार्थ्यांमध्ये ढमके कौशल्य विकसित करण्यातील परिणामकारकता. अमका, तमका आणि ढमका तेवढे बदलायचे. त्या कपाटात अयशस्वी झालेला एकही कार्यक्रम नव्हता आणि शाळेत यशस्वी झालेला एकही नव्हता. रबाबचा प्रश्नही सौसनबाईंनी त्या साच्यात कोंबला. चोवीस वाक्यांची प्रश्नावली, आधी एकदा, कार्यक्रमानंतर एकदा. "मुलांशेजारी बसणं म्हणजे संशोधन नव्हे," त्या म्हणाल्या होत्या. "ते आया करतात."

आणि रबाबने मान डोलावली होती. ते आठवलं की तिला सौसनबाईंपेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

दहा सह्या मिळवताना नाकी नऊ आले होते. एकाने मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही ठोकली, इंजिन चालूच. दुसऱ्याने आधी यादी मागितली आणि आपलं नाव डॉक्टर फथियाच्या खाली बघून कागद परत केला. "मी तिच्या आधी चार महिने प्राध्यापक झालो. क्रम सुधार, मग ये." ती क्रम सुधारून गेली. प्रश्नावली कुणी उलटून पाहिली नाही. एका बाईंनी तेवढा एक स्वल्पविराम घालायला सांगितला.

अकराव्या नावासाठी तिने शादीला विचारलं. शादी विभागातला साहाय्यक, सौसनबाईंचाच विद्यार्थी, बाईंच्या गाडीची किल्ली खिशात घेऊन हिंडणारा.

"अगं, डॉक्टर लुत्फींचं नाव टाक की," तो म्हणाला. "लुत्फी अल-गम्माल. सगळ्यांच्या यादीत असतात. फार मोठा माणूस."

"भेटतात कुठे?"

शादीला हसू आलं. "भेटायला कशाला जातेस? नुसतं लिही."

पण रबाब भेटायला जाणाऱ्यांतली होती. तिने गेल्या वर्षीच्या एका प्रबंधाच्या शेवटची तज्ज्ञांची यादी झेरॉक्स केली. पाचवं नाव, प्रा. डॉ. लुत्फी अल-गम्माल. ग्रंथालयातल्या हिलमीचाचांकडून जुना पत्ता काढला. चाचांनी पत्ता देताना तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस तोंड उघडत नाही.

कालव्यापलीकडची इमारत, तिसरा मजला. साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"डॉक्टर लुत्फी आहेत का?"

"कुणाला हवेत?"

"विद्यार्थिनी आहे मी. त्यांची सही हवी होती."

 मग साखळी निघाली. सत्तरीची ठेंगणी बाई, काळा झगा, डोळ्यांवर जाड चष्मा. "सही हवी?" ती म्हणाली. "मग सहा वर्षं उशीर केलास. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

 "अल्ला त्यांना... माफ करा. पण गेल्या वर्षीच्या प्रबंधात... " तिने झेरॉक्स पुढे केली. केली आणि लगेच पस्तावली.

बाईने कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. नावावर बोट ठेवून दोनदा वाचला. "अजून कुठे कुठे आहेत हे?"

"मला माहीत नाही."

"दर शुक्रवारी मी कबरीवर जाते," बाई म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात सुरी होती. "आणि हे गृहस्थ इकडे कॉलेजात सह्या करत हिंडतायत! जिवंत होते तेव्हा त्यांच्या तपासण्याला भिऊन त्यांच्या दारात कुणी उभं राहत नव्हतं. प्रबंध चौथ्या पानाला फाडायचे ते. आता फाडत नाहीत ना, म्हणून सगळ्यांना हवेत. मेल्या म्हशीला मणभर दूध! आणि सहा वर्षांत या दारावर टकटक करणारी तू पहिली. तीही सहीसाठी."

रबाबला तिथून पळून जावंसं वाटलं. "येते मी," ती म्हणाली.

"बस. काय तपासून हवं होतं तुला? आण इकडे."

"तुम्ही?"

"मी काय? चौतीस वर्षं पहिलीला शिकवलंय. बसीमाबाई म्हण या गल्लीत, निम्मे बाप्ये उभे राहतील." तिने ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. त्याच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या.

प्रश्नावली उघडली. 'मला वाचनात आनंद मिळतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.' बसीमाबाईंनी खाली वाचत नेलं, पान उलटलं, परत पहिल्यावर आल्या.

"हे कुणी भरायचं?"

"मुलांनी. चौथीच्या."

"कुठली मुलं?"

"जी..." रबाबने सांगायला सुरुवात केली. झाकलेलं पान, सरकणारं बोट, तेवीस मुलं. सांगता सांगता ती खुलली, कारण पाच वर्षांत कुणी मध्ये न बोलता तिचं ऐकलं नव्हतं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी कागदावर पेन आपटलं.

"म्हणजे ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तू हे वाचायला देणार."

 रबाबने कागदाकडे पाहिलं. चोवीस वाक्यं, बारीक टाइप, आणि फाइलीत दहा सह्या. योग्य. योग्य. योग्य. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांचं जाऊ दे, ते वाचणारे नव्हतेच. पण ही प्रश्नावली तिने स्वतः लिहिली होती, आणि ती मुलं रोज तिच्यासमोर बसत होती. पाच वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या आणि पर्सा मोजताना ती त्यांच्यातलीच एक कधी झाली, ते तिचं तिला कळलं नव्हतं. लाजेने तिचा चेहरा पेटला.

"रडू नकोस," बसीमाबाई म्हणाल्या. "रडून काय अक्षर येतं का कुणाला?" त्यांनी सगळ्या पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. खाली पहिलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अयोग्य. जे वाचू शकत नाहीत ते हे वाचू शकत नाहीत.' आणि सही केली.

मंगळवारी सकाळी रबाबने सौसनबाईंना गाठलं आणि डॉक्टर लुत्फी वारल्याचं सांगितलं.

"मला काय माहीत नाही? अंत्ययात्रेला गेले होते मी," सौसनबाई लिपस्टिक लावता लावता म्हणाल्या. "नाव राहतं माणसाचं. हा त्यांचा मानच आहे. लिही मुकाट, पाच मिनिटांत सुटशील. पुढे मुलांच्या शेजारी बस नाहीतर डोक्यावर बस, कोण बघायला येतंय?"

रबाबने खाली झेरॉक्सच्या दुकानात दोन याद्या छापून घेतल्या. एकीत अकरावे डॉक्टर लुत्फी. दुसरीत बसीमाबाई. दोन्ही फाइलीत ठेवल्या. पहिली यादी तिला खुणावत होती. नोंदणी होईल, पाच वर्षं वाया जाणार नाहीत, आणि मेलेला माणूस तक्रार करत नाही. जिन्यात ती दोनदा थांबली. मग ग्रंथालयात जाऊन कपाट उघडलं आणि प्रबंधांची शेवटची पानं चाळत बसली. सभेला वीस मिनिटं होती, ती तेवढ्याला पुरली.

सभेची रीत अशी, की खाऊ विद्यार्थ्याने आणायचा. टेबलावर पेरूच्या रसाची खोकी होती आणि क्रीमच्या केकचा मोठा डबा, शहरातल्या चांगल्या दुकानातला. नऊ प्राध्यापक होते. फिनलंडवाले पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी डबा आधीच उघडला होता. शादी बशा वाटत होता.

रबाबने यादी सौसनबाईंच्या हातात दिली. कुठली दिली ते तिला पक्कं माहीत होतं.

सौसनबाई अकराव्या ओळीपाशी आल्या. "हे काय आहे?"

"अकरावं नाव, डॉक्टर."

"बसीमा अब्दुल-मकसूद. निवृत्त शिक्षिका, इयत्ता पहिली." त्यांनी मोठ्याने वाचलं. एकदोघं हसले. "उद्या भाजीवालीची सही आणशील. बाईसाहेब, तज्ज्ञ प्राध्यापक असावा लागतो!"

"आणि जिवंत असावा लागतो का? ते कुठे लिहिलंय?"

"काय?"

"या डॉक्टर लुत्फींच्या पत्नी. डॉक्टर लुत्फींनी मेल्यावर चौदा प्रबंध तपासलेत. मी आत्ता मोजून आले. त्यांतले नऊ तुमच्या हाताखालचे. मला वाटलं, त्या घरातलं माणूस तुम्हाला चालत असेल."

आता कुणी हसलं नाही. कुणाची तरी नळी रिकाम्या खोक्यात सुर्र वाजली. रबाबला दिसलं, की नऊपैकी किमान पाच जण आपापले विद्यार्थी मनात मोजतायत.

"आणि त्यांचा शेरा बरोबर आहे," ती म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आपण वाचायला देत होतो. मीच लिहिलं होतं ते, चूक माझी पहिली. पण दहा प्राध्यापकांच्या सह्या आहेत त्याखाली. मला ही प्रश्नावली टाकून द्यायची आहे. मला मुलांशेजारी बसायचं आहे."

"एवढंच ना?" सौसनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "वर्गशिक्षिका सांगते की मुलांना, खूण कुठे करायची ते. सगळीकडे तसंच भरून घेतात."

टेबलाभोवती माना डोलल्या. कुणाला त्यात काही खटकलं नाही. फिनलंडवाल्यांनी तर दुसरा केक उचलला. इतकी वर्षं या लोकांवर तिने चरफडून घेतलं होतं, पण त्या डोलणाऱ्या माना बघून तिला पहिल्यांदा भीती वाटली.

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "औपचारिक पूर्तता अपुरी. आराखडा पुढील सभेपर्यंत स्थगित." पुढची सभा जूनमध्ये होती. तिची मुदत मेमध्ये संपत होती. हे सगळ्यांना माहीत होतं.

रबाबने फाइल उचलली. मग केकच्या डब्याचं झाकण लावलं आणि तो काखेत मारला. फिनलंडवाल्यांचा हात हवेत राहिला.

"अगं, हे काय!" शादी म्हणाला.

"शाळेत नेते," ती म्हणाली. "तिथे बासष्ट जण आहेत."

नाव कटलं. महिनाभर तिने कुणाचा फोन घेतला नाही. आई म्हणायची, "एका ओळीसाठी पाच वर्षं घालवलीस, तुझ्यासारखी शहाणी तूच."  पाच वर्षं गेल्याचं दुःख खरंच झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली, तशा बसीमाबाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मागच्या बाकावर मुलाशेजारी बसायच्या, त्याला वाचू द्यायच्या, आणि मध्येच पानावर हात ठेवायच्या. नव्या चौथीत अशी एकोणीस निघाली. रबाब वहीत लिहून ठेवी: कोण कुठे थांबलं, कुणाचे डोळे कुठे गेले. ते कुठल्याच विभागात बसणारं काम नव्हतं आणि त्याला नावही नव्हतं. एप्रिलपर्यंत एकोणिसांपैकी सात मुलं पान झाकलं की गप्प बसायला लागली. पहिल्या मुलीने गप्प बसून बाईंचा हात बाजूला सारला, "मला दिसत नाहीये," म्हणाली, तेव्हा रबाब वर्गाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मेमध्ये हिलमीचाचांचा फोन आला. ते आता निवृत्त झाले होते, त्यामुळे तोंड उघडलं होतं. "पोरी, शादीचा प्रबंध बांधणीला आलाय माझ्या भाच्याकडे. शेवटचं पान पाठवतो. बस आणि मग बघ."

चौथीतल्या मुलांचं वाचन. कार्यक्रम परिणामकारक. चोवीस वाक्यांची प्रश्नावली, स्वल्पविरामासकट तिचीच. आणि तज्ज्ञांची यादी सौसनबाईंकडे राहिलेल्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली. तेच दहा, त्याच क्रमाने. आणि खाली: ११. प्रा. डॉ. बसीमा अब्दुल-मकसूद. शेरा: योग्य.

ती तशीच कालव्यापलीकडे गेली. बसीमाबाईंनी चष्मा पुसून वाचलं.

"प्राध्यापक केलं मला," त्या म्हणाल्या. "सरकारला चौतीस वर्षांत मुख्याध्यापिका करायचं सुचलं नाही." मग त्यांनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "यांना कबरीतून उठून जाता आलं नाही. तोंडी परीक्षा कधी आहे त्या पोराची?"

"बुधवारी. अकरा वाजता. सगळ्यांना खुली असते."

"तुझी वही घे. आणि लाल पेन आण एक, माझं संपत आलंय."

बुधवारी सभागृहाबाहेर फुलं होती, मिठाईची खोकी होती, शादीच्या आत्या आणि मावश्या ठेवणीतले कपडे घालून फोटो काढत होत्या. आत व्यासपीठावर सौसनबाई माइक ठोकून बघत होत्या. दारातल्या नव्या शिपायाने ठेंगण्या म्हातारीला आणि तिच्यामागच्या वहीवाल्या बाईला अडवलं.

"पुढच्या रांगा घरच्यांसाठी आहेत, आजी. मुलाच्या नात्यातल्या का?"

"नाही," बसीमाबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. "मी अकरावी तज्ज्ञ. मला पुढेच बसव, मला शेरा बदलायचाय."